डाव्या कानातलं मौन

जिन्यात चपलांचा असा ढीग पडला होता की शेवटच्या चार पायऱ्या मला कठड्याला धरूनच चढाव्या लागल्या. मावशीच्या बाहेरच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्यांवर माणसं, खिडकीत माणसं, दाराशी टाचा उंचावून उभी माणसं. मधोमध टेबलावर काकांचा हेडफोनने ऐकायचा अँप्लिफायर, त्यावर जुन्या रेडिओत असायचे तसे तांबूस पेटलेले दोन काचेचे व्हॉल्व्ह, एकेका कानासाठी एक, आणि हेडफोन लावून, डोळे मिटून बसलेली माझी मावशी.

"गेला!" ती ओरडली. "डावा कान बंद झाला!"

"आले!" तिच्या शेजारी बसलेले गृहस्थ उद्गारले. त्यांना सगळे मौनमहाराज म्हणत. "यजमान आले! उजव्या कानात गाणं, डाव्यात शांतता. उजवा कान जिवंतांचा, डावा गेलेल्यांचा. आणि शांतता म्हणजे होकार, बरं का मंडळी! ही शब्दांपलीकडची भाषा आहे. मी स्वतः फार बोलत नाही..."

हे न बोलणं पुढे पाच मिनिटं चाललं.

काकांना, म्हणजे मावशीच्या यजमानांना, जाऊन आठ महिने झाले होते. एकदा मावशी त्यांची आवडती गाणी ऐकत असताना "आहात ना हो?" असं पुटपुटली आणि नेमका त्याच क्षणी डावा कान बंद पडला. हे तिनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं या महाराजांना आणलं. बोट दिलं तर मनगट धरणारा माणूस तो. महिन्याभरात त्यांनी काकांच्या खोलीतच बिऱ्हाड थाटलं होतं.

तेही मी एक वेळ सोसलं असतं. पण मावशीला दिसायचं ते एकाच डोळ्यानं, आणि त्यातला मोतीबिंदू पिकून डोळ्यातला दाब वाढायला लागला होता. शस्त्रक्रिया उद्या सकाळी आठला ठरली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आता थांबलात तर डोळा हातचा जाईल. संमतीपत्र माझ्या पिशवीत होतं. मावशीची सही तेवढी त्यावर नव्हती.

"विचारा यजमानांना," महाराज म्हणाले. "ऑपरेशन नको ना?"

"अहो, नको का करू ऑपरेशन?" मावशीनं हवेत विचारलं. मावशीचा चेहरा बदलला. "गेला. पुन्हा डावाच गेला."

मला जागेवर उभं राहवेना. मी रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करते. मधूनच बिघडणारं यंत्र म्हणजे डोक्याला ताप. तपासायला घ्यावं तर शहाण्यासारखं चालतं. पण कुठल्या यंत्राच्या अंगात कुणी आलेलं मी वीस वर्षांत पाहिलेलं नाही.

"मी जरा बघू?"

"हात लावायचा नाही!" महाराज गरजले. "यजमान या डाव्या व्हॉल्व्हमध्ये वस्तीला आहेत."

"मग हा व्हॉल्व्ह उजवीकडे बसवला तर काका उजवीकडे येतील?"

"येणारच! जिथे हा दिवा, तिथे ते!"

चार लोकांसमोर बोलून गेले बिचारे. मी बटण बंद केलं, वायर काढली आणि काच निवेपर्यंत खोलीत येरझाऱ्या घालत राहिले.

"जपून गं," मावशी म्हणाली. "मीही फार जपते. रोज सकाळी तो डावा उपसून ओल्या फडक्यानं पुसते. महाराजांनी सांगितलंय. तेव्हापासून तर हे जास्तच यायला लागले."

"आणि उजवा?"

"तो कशाला काढू? त्यात काय आहे!"

मी व्हॉल्व्हची अदलाबदल केली, गाणं लावलं आणि अँप्लिफायर तापायची वाट बघत बसले. वीस मिनिटं गेली.

"गेला!"

"कुठला, मावशी?"

ती गोंधळली. "डावाच गं."

"काका त्या व्हॉल्व्हमध्ये असते तर आता उजवा कान बंद व्हायला हवा होता."

खोलीत कुजबुज सुरू झाली. महाराजांनी घाम पुसला. "यजमान दिव्यात नाहीत, जागेत आहेत! जागा धरून आहेत!"

"आता बरोबर बोललात. दोष जागेतच आहे, व्हॉल्व्ह ज्यात बसतो त्या खालच्या सॉकेटमध्ये. पण प्रश्न विचारल्याबरोबर उत्तर कसं येतं, हे अजून राहिलंय."

मघापासून मी वर बघतच नव्हते, टेबलाखाली बघत होते. मावशीचा प्रश्न संपला की महाराजांचा गुडघा टेबलाच्या पायाला लागायचा. मी मावशीच्या पलंगावरची जाड उशी आणली आणि अँप्लिफायर तिच्यावर ठेवला.

"आता विचार."

मावशीनं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा गुडघा हलला, टेबलही हललं. दोन्ही कानांत गाणं चालूच राहिलं. खिडकीतलं कुणीतरी फिसकन हसलं.

मग मी मावशीच्या हातात लाकडी पेन्सिल दिली आणि तिचं टोक डाव्या व्हॉल्व्हशी नेलं. "विचार, ऑपरेशन करू का? आणि हळूच टकटक कर."

"गेला," ती म्हणाली.

"आता विचार, नको का करू?"

टकटक. "गेला." मग तिनं हेडफोन काढला. "म्हणजे इतके दिवस मी एकटीच बोलत होते?"

खरं सांगते, त्या घडीला मला स्वतःचाच राग आला. मावशीनं हात पुढे केला. "कुठे करायची सही?" मी तिचं बोट त्या रेघेवर टेकवलं. महाराजांनी पहिल्यांदाच मौन धरलं आणि संध्याकाळच्या आत बिऱ्हाड हलवलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. चौथ्या दिवशी सॉकेट बदलायला मी अँप्लिफायर उलटा केला. रोजच्या उपसण्यानं सॉकेटच्या आतल्या पकडी सैल झाल्या होत्या, ओल्या फडक्यानं गंजल्या होत्या. तापल्या की आणखी सैल पडायच्या. जरा धक्का लागला की संपर्क तुटायचा आणि डावा कान गप्प. चमत्कार म्हणतात तो एवढाच होता, आणि तो वाढवला होता मावशीच्याच मायेनं.

अँप्लिफायरच्या बुडाला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. मी ती मावशीपुढे धरली. तिनं चिठ्ठी जवळ नेली, लांब धरली आणि नव्या डोळ्यानं सावकाश वाचली.

"डावा कान मधूनच बंद होतो. सॉकेट सैल. नवीन बसवणे. तिला सांगून ठेवणे, नाहीतर उगाच घाबरेल."

अक्षर काकांचं होतं.

चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी ते हात वापरा, एवढंच माझं सांगणं आहे. डावं उजवीकडे लावून बघा. देव बोलला असं वाटलं तर शेजारच्याचा गुडघा कुठे आहे ते बघा. प्रश्न विचारल्यानं गेलेल्यांचा अपमान होत नाही.

मावशीनं चिठ्ठीची घडी घातली. "इतके दिवस ह्यांना वर, हवेत विचारत बसले," ती म्हणाली, "आणि ह्यांनी सांगितलेलं खाली चिकटवलेलं होतं. उलटं करून बघायचं मात्र एकालाही सुचलं नाही."