गांडूळमामाचं गोत

हूटगळ्ळीतल्या घराच्या पडवीत निवृत्त शिक्षिका वेदवतीबाई चार मुलींना विज्ञान शिकवीत. शाळेचं पुस्तक कन्नड, पण डोक्यात बसायचं ते मराठीतून; कारण प्राण्यांचे सगळे संघ बाईंनी गोंधळाच्या चालीवर बांधले होते. त्यात संधिपादांचं, म्हणजे सांध्यासांध्यांचे पाय नि अंगावर टणक कवच असलेल्यांचं गाणं मुलींचं लाडकं:

झुरळ, विंचू, खेकडा,
कोळी जाळ्यात फाकडा,
गांडूळमामा वाकडा,
संधिपादांचं गोत गं.

सोमवारी चौघींतली यशस्विनी रडवेली होऊन आली. हातात परीक्षेचा पेपर, गांडुळावर लाल काट.

"मावशी, तुम्ही शाळेत येऊन मिस्सना सांगा की. मी भांडले. म्हटलं, आमच्या मावशी चुकत नाहीत. त्या म्हणाल्या, मग गांडुळाचे पाय मोजून दाखव. सगळा वर्ग हसला."

बाईंना आपली चूक कळली. गांडुळाला पाय कुठले? अंगभर नुसत्या वळ्या. त्याचा संघच वेगळा, वलयी प्राण्यांचा. हे त्यांनी तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं. पण खेकड्याला नि फाकड्याला जोडीदार हवा होता, आणि वाकडा मामा आयता सापडला.

"मी असं कुठं शिकवलं?" तोंडातून निसटून गेलं. "तूच घुसडलं असशील."

पोरीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली. "असेल, मावशी. चुकलं माझं."

त्या दिवशी बाईंच्या मनातून ते जाईना. एवढ्याशा पोरीनं आपलं पाप पदरात घेतलं, तेही वर माफी मागून.

दुसऱ्या दिवशी धाकट्या अवनीनं गाणं धरलं. गांडूळमामा आला तशी यशस्विनीनं तिचं मनगट दाबलं. "ती ओळ म्हणू नको गं. ती मी माझ्या मनानं घातलेली."

"अय्यो, तू?" अवनी म्हणाली. "तू आलीस दसऱ्यानंतर. मामा त्याच्या आधीपासून आहे."

यशस्विनी वहीचा कोपरा दुमडत राहिली. बाईंना वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं.

"मामा मी घातला," त्या म्हणाल्या. "जुळत होता म्हणून. आणि काल मी खोटं बोलले. उद्या येऊन तुझ्या मिस्सना सांगते."

"मिस्सना नको," यशस्विनी हळूच म्हणाली. "वर्गाला सांगा. हसला तो वर्ग."

त्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आया बाईंच्याच हाताखाली शिकलेल्या. संध्याकाळपर्यंत घरोघर पोचायचं.

"विज्ञानाचा तास किती वाजता असतो?" बाईंनी विचारलं. मान मात्र वर झाली नाही.