घरचं चिनी

कुवेतमधल्या अबू हलीफातल्या त्या इंडियन शाळेनं यंदा अकरावीला चिनी भाषा ठेवली आणि प्रताप चांद्रात्रे यांनी मुलीला न विचारता फॉर्म भरून टाकला.

"आईची भाषा आहे. झोपेत पेपर लिहिशील," ते म्हणाले.

हसावं की कपाळ बडवावं, कौमुदीला कळेना. तिची आई मेइलान कोलकात्याच्या टांग्र्यातली. चार पिढ्यांपूर्वी तिथं येऊन चामडं कमावणाऱ्या हाक्का चिनी लोकांतली. घरी बोलायचे हाक्का. चीन कुणी पाहिलेला नाही आणि आईला एकही चिनी अक्षर वाचता येत नव्हतं. शाळेत शिकवणार मँडरिन, म्हणजे चीनची प्रमाण भाषा; हाक्काहून अगदी वेगळी. पण मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत तेलाची जात नुसत्या वासावरून सांगणाऱ्या बाबांना, लग्नाला अठरा वर्षं होऊनही, बायकोची भाषा कुठली हे ठाऊक नव्हतं.

शिकवायला आले सलील सर. दोन वर्षांचा सर्टिफिकेट कोर्स आणि शांघायमध्ये काढलेला एक फोटो, एवढ्या भांडवलावर ते पुण्याहून कुवेतला उतरले होते. पहिल्याच तासाला त्यांनी कौमुदीला उभं केलं.

"आपलं भाग्य! वर्गात अस्सल चिनी मुलगी आहे."

"सर, मी नाशिकची आहे."

वर्ग हसला. सरांना तो विनय वाटला.

पहिल्या चाचणीत अस्सल चिनी मुलीला चाळीसपैकी अकरा पडले. 'मी' म्हणायला आई 'ङाय' म्हणते. तोंडी परीक्षेत कौमुदीच्या तोंडून तेच निघालं. सरांना पाहिजे होतं 'वो'. शेजारच्या तहरीमला सदतीस. रत्नागिरीच्या साबीर मुकादमांची ही मुलगी दिवसभर पुटपुटत असे. पोपट, कौमुदी मनात म्हणाली.

सरांनी आईबाबांना बोलावून घेतलं.

"मॅडम, राग मानू नका," सर आईला म्हणाले, "पण घरी तुम्ही जे बोलता ते बंद करा. अशुद्ध आहे. मुलीचं चायनीज बिघडतंय."

सासूच्या धाकात मराठी शिकलेली आई शांतपणे म्हणाली, "माझी पणजी हेच बोलायची, सर. तिलाही कुणीतरी सांगायला पाहिजे होतं."

सरांना टोमणा कळलाच नाही. बाबांना कळला, पण गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "सरांचंही चूक नाही. स्टँडर्ड भाषा यायला हवी."

"बाबा, प्लीज. तुम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही," कौमुदी म्हणाली. त्या रात्री जेवताना आई लेकीशी हाक्काऐवजी मराठीत बोलली. कौमुदीनं मुद्दाम हाक्कात उत्तरं दिली, तरी मराठीतच बोलली.

जानेवारीत एका चिनी कंत्राटी कंपनीचे एक इंजिनिअर शाळेत पाहुणे म्हणून आले. सरांनी छाती फुगवून पाच मिनिटं मँडरिन भाषण ठोकलं. पाहुण्यांनी मान तिरकी करून ऐकलं आणि इंग्रजीत विचारलं, "हिंदी किती गोड भाषा आहे! अर्थ काय याचा?"

कौमुदीला हसण्याच्या उकळ्या फुटल्या. तेवढ्यात पाहुण्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर पडली आणि ते भराभरा तिच्याशीच बोलू लागले. तिला त्यातलं अक्षर कळलं नाही. "वो... वो..." करत ती उभी राहिली. ज्या सरांना हसत होती, त्यांच्याच पंगतीला येऊन बसली! मागून तहरीम पुढं झाली आणि हळू, सुटं सुटं बोलली. पाहुणे खुलले. दोघं चांगली दहा मिनिटं बोलत होती.

दोन दिवस कौमुदी धुमसली. तिसऱ्या दिवशी मान तुकवून तहरीमच्या घरी गेली.

"तुला कसं येतं?"

"सरांचं ऐकत नाही म्हणून," तहरीम म्हणाली. "चिनीत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो आणि त्यांचे सगळे सूर चुकीचे आहेत. मी मोबाइलवर चिनी बातम्या ऐकते. शाळेत मात्र त्यांच्यासारखंच चुकीचं बोलते. मार्क तेच देतात ना!"

कौमुदी पोट धरून हसली. मग दोघी रोज बसू लागल्या. कौमुदी अक्षरं गिरवी. मोबदल्यात तहरीमला हाक्कातल्या झणझणीत शिव्या मिळत.

वार्षिक परीक्षेत कौमुदीला शंभरपैकी चौऱ्याऐंशी पडले. सरांनी तिचा फोटो शाळेच्या फलकावर लावला. खाली लिहिलं : माझ्या मार्गदर्शनाचं फळ. बाबांनी तोच फोटो नाशिकच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. सोबत लिहिलं, 'शेवटी रक्त बोललंच!' आत्यांनी टाळ्या वाजवणारे हात पाठवले, एका काकांनी विचारलं, आता नूडल्सची पार्टी कधी?

कौमुदीनं त्यावर हाक्कात एक वाक्य टाकलं, रोमन लिपीत. काकांनी लगेच हात जोडून आभार मानले. आईनं ते वाचलं, पदर तोंडाला लावला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आतून तिचं हसू बराच वेळ ऐकू येत होतं.

"काय लिहिलंस ग?" बाबांनी विचारलं.

"आशीर्वाद असू द्या म्हटलं," कौमुदी म्हणाली आणि ग्रुपमधून बाहेर पडली.