मागच्या दारावरचा टकटक्या

मी एक जुना टकटक्या आहे. हसू नका मित्रांनो! सामानाच्या यादीत माझं नाव 'हातात धरायचं मोजणीयंत्र' असं भारदस्त आहे, पण त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. मी मुठीत मावेल एवढा, गोल आणि पत्र्याचा. वर एक खटका आणि पोटात आकड्यांची चार चाकं. खटका दाबला की टक् होतं आणि एक आकडा वाढतो. मला एवढंच येतं, पण जे येतं ते चोख येतं.

कारखान्यातून आम्ही भावंडं एकाच खोक्यातून बाहेर पडलो. कुणी बस आगारात गेलं, कुणी मेंढ्या मोजायला गेलं. मी आलो सरकारी ग्रंथालय खात्याच्या कचेरीत; ग्रंथालयही त्याच इमारतीत. तिथल्या दारवानकाकांनी मला बोटात अडकवलं आणि म्हणाले, "चला, जोडीदार मिळाला." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दरवर्षी राजधानीतून प्रत्येक प्रांताच्या ग्रंथालय खात्याला एक लांबलचक तक्ता येतो. वाचक किती, पुस्तकं किती, कर्मचारी किती, सगळं त्यात भरायचं. आता वर्षभर दारात मोजत कोण बसणार? म्हणून देशभर एकच आठवडा ठरलेला. त्या आठवड्यात येईल ते माणूस मोजायचं आणि बेरजेला बावन्नने गुणायचं. तो आठवडा म्हणजे माझा सणच! काकांचं स्टूल बोळात असं ठेवलेलं, की पुढचं दारही दिसे आणि मागचंही. मागचं दार उताराचं. तिथून ऐकण्याच्या खोलीत जाता येई. ज्यांना दिसत नाही, ते वाचक तिथे पुस्तकांची रेकॉर्डिंग ऐकत.

बरीच वर्षं सुखात गेली. मग पुढच्या दाराला एक चकचकीत चौकट बसली. तिच्यातून कुणी गेलं की आकडा आपोआप वाढतो. कचेरीतली मांजर गेली तरी वाढतो, पण ते सोडा, मी कुणाची चहाडी करत नाही. काकांचं स्टूल हललं आणि मी खणात गेलो, रबरबँड आणि सुकलेल्या शाईच्या डब्यांबरोबर. फार वाईट वाटलं.

तक्ता भरायचं काम होतं आकडेताईंकडे. हे नाव काकांनीच ठेवलेलं. बाई इतक्या प्रामाणिक, की जे मोजलं नाही ते लिहायचं नाही म्हणजे नाही. मागच्या दाराला चौकट नव्हती. म्हणून ऐकण्याच्या खोलीचा रकाना त्यांनी रिकामा सोडला, सलग दोन वर्षं. आणि राजधानीतल्या संगणकाने तो शून्य धरला.

तिसऱ्या वर्षी पत्र आलं: ऐकण्याच्या खोलीला वाचक नाहीत, सबब ती बंद करावी. आकडेताईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी तिथल्या तिथे राजधानीला फोन लावला.

"अहो, मोजलं नव्हतं म्हणून रिकामं ठेवलं. माणसं रोज येतात हो!"

"येत असतील, ताई," पलीकडचे साहेब म्हणाले. "पण मला आकडा लागेल. मोजणीचा आठवडा सोमवारीच सुरू होतोय."

काकांनी खण उपसला. मला शर्टाला पुसलं, तेलाचा एक थेंब दिला. किती दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला!

सोमवारी स्टूल मागच्या दारात लागलं. सगळ्यांत आधी आल्या फोनवाल्या मावशी. टेलिफोन कचेरीत बसून त्यांनी आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिले होते. दिसत नव्हतं, पण कान असे की पावलावरून माणूस ओळखत. पत्राचं कळलं तेव्हा त्या दारातच थांबल्या. "ही खोली गेली तर मी दुपारी जाऊ कुठे?" मग जरा सावरून म्हणाल्या, "काका, आम्ही दोन-दोनदा आत-बाहेर करू का?"

"नको, मावशी," आकडेताई म्हणाल्या. "एक जरी खोटा निघाला, तर खऱ्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही."

"बरं बाई. मग खरेच गोळा करते." आणि मावशींनी खरंच फोन फिरवले. महिनोन् महिने न फिरकलेले लोक काठ्या टेकत आले. कुणी जावयाला, कुणी सुनेला सोबत घेऊन आलं. सोबतच्यांना काकांनी मोजलं नाही, ते ऐकायला थोडेच आले होते! बुधवारपर्यंत माझ्या तोंडावर चौसष्ट आकडा होता.

गुरुवारी घात झाला. नव्व्याण्णवावर मी अडकलो. शंभर व्हायला माझी तीन चाकं एकदम फिरावी लागतात, आणि सवय मोडलेली. काकांनी कपाळावर हात मारला. "दाबलं, पण फिरलं का नाही? हा माणूस धरला गेला की नाही?"

आतून मावशी म्हणाल्या, "नाही धरला. आज पस्तीस टक् पूर्ण वाजले. छत्तिसावा अर्धाच वाजला."

चौसष्ट आणि पस्तीस, नव्व्याण्णव! काकांनी मला हलकेच टेबलावर आपटलं, पुन्हा दाबलं आणि माझी तिन्ही चाकं गर्रकन फिरली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, माझा तर आधी.

शनिवारी बेरीज झाली एकशे एकतीस. आकडेताईंनी बावन्नने गुणून रकान्यात लिहिलं: सहा हजार आठशे बारा. लिहिताना त्यांचे डोळे भरले होते. महिन्याभरात दुसरं पत्र आलं, की खोली चालू राहील. आणि पुढच्या तक्त्यात एक नवी ओळ छापून आली: 'मोजले नसल्यास तसे लिहावे.'

वर्षअखेरीस देशभरच्या आकड्यांचं जाडजूड पुस्तक आलं. मावशी हटूनच बसल्या, तेव्हा आकडेताईंनी आमचं पान वाचून रेकॉर्ड केलं. एवढं रटाळ रेकॉर्डिंग त्या खोलीत दुसरं नसेल. पण सगळे कान देऊन बसले. 'सहा हजार आठशे बारा' आलं, तशी खोलीत टाळ्या पडल्या.

"यातला मी किती?" एका आजोबांनी विचारलं.

आकडेताईंनी हिशेब केला. "तुम्ही सहाही दिवस आलात. सहा गुणिले बावन्न, तीनशे बारा."

आजोबा ताठ बसले. "परत लावा," म्हणाले.

मित्रांनो, मला आता दर महिन्याला तेलाचा थेंब मिळतो आणि माझी जागा काकांच्या खिशात आहे. माझ्यासाठी काही मागायचं उरलेलं नाही. एकच सांगतो. तुमच्या शाळेत, तुमच्या ग्रंथालयात कुणी दारात बसून माणसं मोजत असेल, तर त्याला नमस्कार करा आणि विचारा, "काका, मागच्या दाराला कोण बसलंय?"