फोल्डर उघडत नाही, दोष कुणाचा?

घरातला कॉम्प्युटर बिघडला की आपण आधी काय शोधतो? बिघाड नव्हे. त्याला शेवटचा हात कुणी लावला, ते!

या घरातही तेच झालं. घरातली बाई एका शिवण कारखान्यासाठी कपड्यांच्या कटिंगचे नमुने कॉम्प्युटरवर आखून द्यायची. सकाळपासून ‘नमुने’ हे फोल्डर उघडलं की त्याची पडद्यावरची खिडकी पांढरी पडायची आणि आपोआप बंद व्हायची. सहा वर्षांचं काम त्यात होतं. दुसरीकडे प्रत नव्हती.

“तूच काहीतरी दाबलं असशील,” नवरा म्हणाला. “दुरुस्तीवाला चारला येतोय. सगळं पुसून नव्यानं टाकून देईल. तोवर हात लावू नकोस.”

“पुसून? आणि माझे नमुने?”

“नवे काढ. हौसेचंच तर काम आहे.”

तिनं चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि बसली.

दुपारी नणंद आली. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. सगळं ऐकून तिनं भावाकडे पाहिलं. “दादा, रुग्ण न तपासता थेट ऑपरेशन?”

“तू कधी डॉक्टर झालीस?”

“नाही झाले, म्हणून तर आधी तपासते. वहिनी, बाकीची फोल्डरं उघडतात?”

“सगळी. हे एकच रुसलंय.”

“म्हणजे मशीन धडधाकट आहे. यातल्याच एखाद्या फाइलचं छोटं चित्र दाखवताना हे फोल्डर कोसळत असेल. ती चित्रं बंद कर. मी माउसला हात लावणार नाही हं, तूच कर.”

तिनं सेटिंगमध्ये शोधून चित्रं बंद केली आणि फोल्डर उघडलं. ते उघडंच राहिलं. एकसष्ट फाइली! आधी तिनं सगळ्यांची प्रत पेनड्राइव्हवर घेतली.

“झालं ना? आता ऊठ,” नवरा म्हणाला.

“नाही. कुणामुळे झालं ते मला बघायचंय. सकाळपासून माझ्या नावावर आहे ते.”

तिनं निम्म्या फाइली वेगळ्या फोल्डरात हलवल्या आणि चित्रं पुन्हा सुरू केली. ज्या निम्म्यांवर खिडकी कोसळली, त्यांचे पुन्हा दोन भाग केले. सहाव्या फेरीला एकच फाइल उरली. ती नमुन्याची नव्हतीच. अर्धवट उतरलेला एक व्हिडिओ होता, कालचा, रविवारचा.

नवऱ्यानं मान खाली घातली. “फोनवरून मीच घेत होतो, चुकून याच फोल्डरात. घाई होती, मध्येच वायर ओढली.”

तेवढ्यात दुरुस्तीवाला आला. “ताई, उठता का जरा? एकदा पुसून घेतो, मशीन हलकं होईल.”

“उठणार नाही. माझं काम चालू आहे. काय पुसायचं, काय ठेवायचं, ते मला विचारून ठरेल.”

त्यानं सवयीनं नवऱ्याकडे पाहिलं.

“तिलाच विचारा,” नवरा म्हणाला. “बिघाड मी केला होता. शोधला तिनं.”

मित्रहो, पुराव्याशिवाय कुणावर ठपका ठेवणं हे अज्ञानच, मग ते कितीही ठाम आवाजात बोललेलं असो. आणि ‘तुला जमणार नाही’ असं कुणी म्हणालं, तर खुर्ची सोडू नका. तपासा. एकेक शक्यता खोडत चला. सत्य सापडेपर्यंत उठू नका.