अर्धं जोत

"आवो, भाताचा तरवा पिवळा पडाय लागला, नि तुमी हय इडी वडीत बसलाव?"

"येकल्या बैलानं काय करू? तू जुपून घेतंस काय दुसऱ्या अंगाला?" रावजी बायकोवर खेकसला. हौसाला सगळं ठाऊक होतं.

रावजीच्या गोठ्यात एक बैल, व्हाळापलीकडे रमजानच्या गोठ्यात एक. दोघांचे मिळून एक जोत. बापजाद्यांपासूनची सावड ती. आज याच्या मळ्यात चिखलणी, उद्या त्याच्या. पण त्या साली, चौऱ्याऐंशीत, मुंबईत दंगल पेटली आणि गावकरांचा सदू तिथलं विष डोक्यात भरून घरी आला. देवळापुढे, पालखीच्या सहाणेवर बैठक बसली. मुसलमानाशी सावड करील तो वाळीत. गाव करी ते राव न करी! रमजानने कुणाचं काय घोडं मारलं होतं, हे विचारायला एकाची जीभ रेटली नाही. रावजीचीही नाही. ऐन लावणीत दुसरा कोण आपला बैल सोडणार?

तेवढ्यात डोक्यावर इरलं घेऊन रमजानच आला. हातात बैलाचं दावं. वईच्या कुंपणाआत पाऊल टाकलं नाही त्यानं.

"रावजी, बैल ठेव तुज्याकडं. बैलाला कसली जात?"

"नि तुजा शेत?"

"दोगांची पोरा उपाशी मरण्यापरास येकाची तरी जगू दे. मी जयगडला जातंय. लाँचीवर खलाशी लागतंत."

"रमजान, मी..."

"तुजी पोरा ल्हान हायत. मना कळतंय."

"रमजानभाव, चाय तरी घ्या," हौसा बोलून गेली. मग तिची नजर वाटेकडे गेली आणि ती उंबऱ्यातच थबकली. रमजानने दावं वईला बांधलं आणि तो निघून गेला.

गावकीने बैलावर गोमूत्र शिंपडलं आणि बैल पवित्र झाला. रावजीने चार दिवसांत आपला मळा चिखलला. बांधापलीकडे रमजानचं खाचर, पाण्याने तुडुंब. जोत तिकडे वळवायचं तर दोन पावलांचं काम. पण बांधावर सदू छत्री घेऊन उभा होता. रावजीने बैल माघारी वळवले. नांगर धरून तो ढसाढसा रडला. पावसात कुणाला कळणार?

दिवाळीला रावजीच्या घरात भात भरपूर आलं. रमजानच्या खाचरात कमरेएवढं रान माजलं होतं. सहाणेवर बसून सदू सगळ्यांना तेच दाखवत होता.

"बगा, ह्या लोकांना मातीची माया नाय. शेत वसाड टाकलान नि पैशामागं पळाला. काय रावजीदा, खोटा हाय काय?"

सगळे रावजीकडे बघू लागले.

"खरा हाय," रावजी म्हणाला.