न भिजलेल्या गाठी

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी दुष्काळ पाहणी पथकाची गाडी गावच्या विहिरीपाशी थांबली. अकरा वाजून पाच मिनिटांनी ती परत गेली. या पंचवीस मिनिटांत मला कोणीही विहिरीत सोडले नाही.

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे. शिंदखेडा तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. बावीस वर्षांपूर्वी जीवराम आबांनी अंबाडीच्या वाखापासून मला वळले, हाताहातावर गाठ मारली आणि टोकाला दगड बांधला. दगड तळाला टेकवून मला वर ओढायचे. जितक्या गाठी भिजलेल्या, तितके हात पाणी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सारा गाव माझ्याभोवती जमायचा. सहापेक्षा कमी गाठी भिजल्या, तर त्या वर्षी कोणी हरभरा पेरत नसे. पाणी पिण्यासाठी राखत. माझा शब्द कोणी मोडला नाही.

चार वर्षांपूर्वी टेकडीपलीकडच्या मोठ्या गावात पाऊस मोजणारे यंत्र बसले. त्याला कुंपण आहे, सौर पट्टी आहे. त्याचा आकडा थेट मोबाइलवर येतो आणि आमच्या गावालाही तोच धरतात. मी त्याचा हेवा करते, हे लपवत नाही. त्याच्यावर पाखरे घाण करतात असे ऐकले, तेव्हा मला बरे वाटले होते.

आमच्या सरपंच सारिकाताई आबांना म्हणाल्या होत्या, "तुमनी दोरीले चार्जिंग लागत नही, म्हनीसन तिले कोनी विचारत नही." सगळे हसले. आबाही हसले. मी खुंटीवर लटकून होते.

यंदा ऑगस्टमध्ये यंत्रावर एका दिवसात चौऱ्याहत्तर मिलिमीटर पाऊस पडला. टेकडीच्या अलीकडे नुसती भुरभुर झाली. पोळ्यानंतर माझ्या तीनच गाठी भिजल्या. गावाचे नाव टंचाईच्या यादीत आले, तरच टँकर मिळणार होता. त्यासाठीच पथक येणार होते.

पाहुणे येणार म्हणून गावातल्या मंजुळाबाईंनी पहाटे विहिरीभोवती सडा घातला. बायकांनी घरचे हंडे आणून गुरांची दगडी डोणी काठोकाठ भरली, पाहुण्यांना हातपाय धुवायला. दाराशी आलेल्याला कोरडे कसे ठेवायचे?

पथकाच्या साहेबांनी ओली जमीन पाहिली, डोणीचा फोटो काढला. डोणीचा! आबा मला हातात घेऊन पुढे झाले, तर साहेब मोबाइलकडे पाहत म्हणाले, "आबा, यंत्रावर पाऊस पुरेसा आहे. पाणीही दिसतंय."

तेव्हा कुठे मंजुळाबाईंना आपण काय केले ते उमगले. गाडी सुरू होत होती. त्या काचेजवळ जाऊन म्हणाल्या, "साहेब, हाई पानी घरनं शे, विहीरनं नही."

काच वर गेली.

यंत्र खोटे बोलले नाही, एवढे मी मान्य करते. जे त्याच्यावर पडले, ते त्याने सांगितले. मित्रांनो, त्याला जपा. पण आकडा पलीकडचा असेल, तर अलीकडची दोरीही एकदा सोडून पाहा. आणि मोजणारा येणार असेल, तेव्हा कोरडी जागा कोरडीच राहू द्या.

बुधवारी सारिकाताईंनी फेरपाहणीचा अर्ज दिला. आज सकाळी सहा वाजता आबांनी मला विहिरीत सोडले. दोन गाठी भिजल्या. अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही.