खोटा प्रिंटर

रक्त तपासणाऱ्या त्या लॅबमधल्या प्रोग्रामला हात लावायला सगळे टरकायचे. ठमीच्या आत्याने तो बावीस वर्षांपूर्वी एकटीने लिहिला आणि निवृत्त होईपर्यंत एकटीने सांभाळला. आता तिच्या खुर्चीवर ठमी होती, आणि डॉक्टरांना त्यात चार नव्या तपासण्या घालून हव्या होत्या.

ठमीने ठरवलं, आधी टेस्ट लिहायच्या. म्हणजे मोठ्या प्रोग्रामचा एकेक तुकडा नीट चालतोय का, हे बघणारे छोटे प्रोग्राम. पंचाईत अशी की तुकडे नव्हतेच. पेशंटचं वय काढणं, त्या वयाला रक्तात काय किती असावं ते ठरवणं, रिपोर्ट छापणं, फोनवर निरोप धाडणं, सगळं एकाच फंक्शनमध्ये, म्हणजे सूचनांच्या एकाच सलग गठ्ठ्यात, गळ्यात गळे घालून बसलेलं.

बघू तरी, म्हणून तिने खोटेराव नावाचा पाच वर्षांचा पेशंट बनवला, फोन नंबर रिकामा सोडला आणि बटण दाबलं. बाहेर काउंटरवरचा प्रिंटर खडखडला. पाठोपाठ तिचा फोन वाजला.

"ठमे," आत्या म्हणाली, "हे खोटेराव कोण? त्यांचा रिपोर्ट तयार आहे म्हणून मला निरोप आलाय."

नंबर नसला की निरोप आत्याला जायचा. तिनेच कधीकाळी ती सोय केली होती आणि साफ विसरली होती. ठमीने हसू आवरत सगळं सांगितलं.

"म्हणजे या वयात माझी परीक्षा घेतेस होय? उद्या येतेच मी."

आली ती फणकाऱ्यातच. पण स्वतःचं फंक्शन वाचता वाचता चष्मा पुसायला लागली.

"आठशे ओळी! हे मी लिहिलं?"

"तूच."

"भलतीच घाईत असणार गं मी."

दोघींनी आधी छपाई आणि निरोप सोडवून बाहेर काढले. आता फंक्शनला प्रिंटर बाहेरून द्यायचा. रोजच्या कामात खरा, टेस्टमध्ये खोटा. खोटा काहीच छापत नाही, काय छापायला सांगितलं तेवढं लक्षात ठेवतो.

"गुणी आहे," आत्या म्हणाली. "याच्यात कागदही अडकत नाही."

टेस्ट जमली की पडद्यावर हिरवं दिसायचं, चुकली की लाल. पाच वर्षांचा पेशंट हिरवा. चाळिशीचा हिरवा, सत्तरीचाही. आत्याची मान ताठ झाली. मग ठमीने वीस दिवसांचं बाळ दिलं. लाल.

बाळाचं वय वर्षांत शून्य. शून्य म्हणजे वय लिहिलेलंच नाही असं समजून प्रोग्राम बाळाला मोठ्या माणसाचं माप लावत होता. आत्याचा चेहरा उतरला. "बावीस वर्षं, ठमे. किती बाळं आली असतील..."

ठमी धावत काउंटरवर गेली. तिथल्या बाई पहिल्या दिवसापासून तिथेच होत्या.

"बाळांचे रिपोर्ट ना? ते मी पेनाने दुरुस्त करते की," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी तक्ता दिलाय. बघून सही करतात ते."

"मला नाही का सांगायचं?" आत्या दारातून ओरडली.

"तुम्ही कामात असलात की जवळ यायची तरी सोय होती का?"

आत्या अशी हसत सुटली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. दुरुस्ती दोन ओळींची निघाली. बाळ हिरवं झालं.

"बाई, अजून काय काय करता पेनाने?" ठमीने विचारलं.

बाई बोटांवर मोजू लागल्या. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्याची संपली. मग त्यांनी ड्रॉवर उघडून दुरुस्त्यांची एक जाडजूड वही काढली.

आत्याने खुर्ची पुढे ओढली. "वाचा पहिलं. ठमे, सरक. ही टेस्ट मी लिहिते."